वामन, बळी आणि जमिनीखालची पेटी

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून बळिराजाची पूजा होते. पाटावर रांगोळीचा किंवा तांदळाचा बळी काढतात, त्याला हळदकुंकू वाहतात आणि घरातील वडीलधारी बाई इडापिडा टळून बळीचे राज्य येवो असे म्हणून ओवाळते. ज्याला प्रत्यक्ष विष्णूने पाताळात ढकलले त्याचेच राज्य आपण का मागतो, असा प्रश्न एखादे चौकस पोर हमखास विचारते. त्यावर आजी सांगते, बाळा, बळी वाईट नव्हता. त्याने दारी आलेल्या बटूला तीन पावले जमीन देऊ केली, एवढेच. मागणे लहान होते, पण मागणारा लहान नव्हता, हे त्याला कळले तेव्हा उशीर झाला होता.

हीच कथा मनाशी धरून डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनी एकोणीसशे ऐंशीच्या दशकात एक कादंबरी लिहिली. तिचे नाव 'वामन परत न आला'. शास्त्रीय कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. परंतु वाचावयास घेतली म्हणजे ती उत्तम रहस्यकथाही आहे हे ध्यानी येते, आणि थोडे खोल पाहिले तर ती पुरातत्त्वाचीही कथा आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यास नारळीकरांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांच्या विश्वरचनाशास्त्रावर आणि पुण्याच्या 'आयुका' या संस्थेवर पुष्कळ लिहून आले. या कादंबरीविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. आज ती पुन्हा हाती घ्यावी असे वाटते. त्याला एक कारण काळाचे आहे आणि दुसरे खास आपल्या बडोदेकरांचे आहे.

टोपणनावाने आलेला लेखक

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरास झाला, बालपण काशीत गेले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी जपणारे जे कुटुंब आपण बडोद्यात, इंदुरात किंवा ग्वाल्हेरीत पाहतो, त्याच मुशीतले हे घर. १९५७ साली ते केंब्रिजला गेले. तेथे फ्रेड हॉइल हे त्यांना गुरू म्हणून लाभले. १९७२ मध्ये भारतात परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

त्यांच्या कथालेखनाचा आरंभ मोठा गमतीचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, पण आपले नाव पाहून परीक्षकांचे मत झुकू नये म्हणून नारायण विनायक जगताप असे टोपणनाव घेतले. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज. होते! कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. ज्या व्यासपीठाने विज्ञानकथेला तोवर पोरवयाचे वाङ्मय मानले होते, त्याच व्यासपीठाचे अध्यक्षपद २०२१ साली नाशिक येथे नारळीकरांकडे आले.

पेटी सापडते

कादंबरीचे कथानक थोडक्यात सांगतो. शेवट अर्थातच सांगणार नाही. खोदकाम चालू असता जमिनीखाली फार खोल एक मोठी पेटी अकल्पितपणे सापडते. जिथे माणसाच्या हातची वस्तू असण्याचे कारण नाही अशा ठिकाणी ती आहे. एक पदार्थवैज्ञानिक, एक संगणकतज्ज्ञ आणि एक पुरातत्त्वज्ञ असे तिघे तिच्या मागे लागतात. पेटीत एका अतिप्राचीन आणि आपल्यापेक्षा पुष्कळ पुढारलेल्या संस्कृतीचे ज्ञान जपून ठेवलेले असते. तिघे ते हळूहळू वाचू लागतात, त्यातील युक्त्या वापरून पाहतात, आणि त्यातूनच पुढे एक यंत्रमानव उभा राहतो. त्याचे नाव वामन.

रहस्य येथे सुरू होते. पेटी भरून ठेवणारे लोक इतके शहाणे होते, तर ते गेले कोठे? त्यांच्या ज्ञानाच्या ढिगात अधूनमधून अशा खुणा दिसतात की त्यांचे काहीतरी भयंकर बिनसले होते. एकीकडे पेटीतील ज्ञानाचा लाभ घेण्याची घाई, दुसरीकडे ते ज्ञान लाटू पाहणारे लोक, आणि मधोमध एक न वाचलेली सूचना, असा हा पेच आहे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके रात्री कंदिलाच्या उजेडात संपविणाऱ्या पिढीला ही गाठ सोडविण्याची ओढ सांगावयास नको. फरक इतकाच की अर्नाळकरांच्या कथेत गुन्हेगार एक माणूस असतो. येथे संशय एका संपूर्ण संस्कृतीच्या मृत्यूविषयी आहे, आणि पुढचा बळी आपण स्वतः असण्याचा संभव आहे.

ही कल्पना नारळीकरांना कोठून सुचली असेल याचा विचार करताना त्यांचे गुरू आठवतात. फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह १९६१ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली होती. तीत देवयानी तारकाविश्वाच्या दिशेकडून रेडिओसंदेश येतो. त्या संदेशात एक गणकयंत्र बांधण्याची कृती असते. यंत्र बांधले जाते आणि ते माणसांवरच कुरघोडी करू लागते. गुरूने जे आकाशातून आणले ते शिष्याने जमिनीतून काढले, असे म्हणता येईल. पण हा बदल केवळ दिशेचा नाही. आकाशातून आलेला संदेश परक्याचा असतो. त्याविषयी आपण मुळातच सावध असतो. जमिनीतून निघालेली पेटी मात्र आपल्या पूर्वजांची वाटते, आणि पूर्वजांच्या वस्तूवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो. नारळीकरांनी नेमके या विश्वासावर बोट ठेवले आहे. 'आमच्याकडे पूर्वी सर्व काही होते' असे अभिमानाने सांगणाऱ्यास ही कादंबरी नम्रपणे विचारते, असेल बाबा. पण मग ते टिकले का नाही?

पुरातत्त्वज्ञाची शंका

कादंबरीतील पेटी खरीच सापडली असती तर आपल्या पुरातत्त्वज्ञांनी काय म्हटले असते? या शास्त्राचा पाया एका अगदी साध्या गोष्टीवर आहे: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. वस्तू कोणत्या थरात मिळाली, आणि तो थर नंतर कोणी खड्डा खणून बिघडविला होता काय, हे आधी पाहतात. कालमापनासाठी विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शोधलेली कार्बन-१४ पद्धत आहे. सजीव मेल्यावर त्याच्यातील हा किरणोत्सर्गी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून वय काढतात. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मात्र ही पद्धत चालत नाही. आणि नुसत्या धातूच्या पेटीला तर ती लागूच पडत नाही. तिला कोळसा, लाकूड, हाड, धान्य असे काहीतरी सोबत लागते.

याहून मोठी शंका वेगळी आहे. संस्कृतीची खरी साक्ष तिच्या खजिन्यात नसते, उकिरड्यात असते. कोणत्याही उत्खननात सोन्याचा मणी एखादा आणि खापऱ्या हजारो, हे प्रमाण ठरलेले. गणकयंत्रे बांधणाऱ्या लोकांच्या खाणी, भट्ट्या, रस्ते, कचरा हे सर्व नाहीसे होऊन एकटी पेटी उरली, हे पटविणे कठीण. २०१८ साली हवामानशास्त्रज्ञ गॅव्हिन श्मिट आणि खगोलशास्त्रज्ञ ॲडम फ्रँक यांनी एका निबंधात हाच प्रश्न गांभीर्याने विचारला: मानवापूर्वी कोट्यवधी वर्षे आधी पृथ्वीवर एखादी औद्योगिक संस्कृती होऊन गेली असती, तर ती आपल्याला कळली असती काय? त्यांचे म्हणणे असे की इतक्या काळानंतर इमारती आणि यंत्रे उरणार नाहीत. पण गाळाच्या खडकांत कार्बनचे बदललेले प्रमाण, कृत्रिम द्रव्यांचे अंश अशा रासायनिक खुणा राहतील. अशी संस्कृती होती असे त्यांनी म्हटलेले नाही. निबंधाचा खरा रोख आपल्यावर आहे. आपण मागे कोणती खूण ठेवून जाणार आहोत, हे त्यांना विचारावयाचे आहे.

तेव्हा शास्त्राच्या तराजूत कादंबरीची पेटी थोडी हलकी पडते, हे मान्य करावे. पण कादंबरीकाराने तिच्यात जी भीती ठेवली आहे ती हलकी नाही.

बडोद्याची खरी पेटी

आता आपल्या गावाकडे वळू. इसवी सन ८१२ मधील राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक या गावाचे नाव येते. ते आपले बडोदे, आणि ते त्या वेळी अंकोट्टकाच्या म्हणजे आजच्या अकोट्याच्या विभागातील एक लहान गाव होते. त्याच अकोट्यात एकोणीसशे पन्नासच्या आसपास जैन कांस्यमूर्तींचा ६८ नगांचा साठा जमिनीतून निघाला. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यावर १९५९ साली ग्रंथ लिहिला. कमाटीबागेतील संग्रहालयात त्या मूर्ती पाहताना, ज्या कोणी त्या पुरल्या त्याच्या मनात काय असेल, असा विचार आल्यावाचून राहत नाही. पुन्हा उकरून काढू या आशेनेच माणूस देव पुरतो. येथे पुरणारा परत आला नाही.

परंतु कादंबरीशी खरे नाते आहे ते देवनी मोरी येथील करंडकाचे. शामळाजीजवळ मेश्वो नदीच्या काठी हे ठिकाण आहे. नदीवर धरण होणार आणि जागा पाण्याखाली जाणार हे ठरलेले होते. तेव्हा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत तेथे उत्खनन केले. विभाग नुकता १९५० साली निघालेला. डॉ. रमणलाल मेहता आणि श्री. चौधरी यांनी काम चालविले. विटांचा मोठा स्तूप आणि विहार उघडे झाले, भाजलेल्या मातीच्या सुंदर बुद्धमूर्ती मिळाल्या, आणि स्तूपाच्या पोटात दगडी करंडक सापडला. त्याच्या आत तांब्याची डबी आणि त्या डबीत सोन्याची छोटी कुपी व रक्षा होती.

करंडकावर ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख कोरलेला आहे. आत दशबलाचे म्हणजे बुद्धाचे अवशेष आहेत, अग्निवर्मा आणि सुदर्शन या भिक्षूंनी स्तूप करविला, राज्य रुद्रसेनाचे होते, आणि वर्ष कथिक राजांचे १२७ वे, असे त्यात म्हटले आहे. पेटीत काय आहे, कोणी ठेविले आणि केव्हा ठेविले, हे सारे पेटीवरच लिहिलेले! याहून सोपे कोडे कोणते? पण मौज अशी की हे कथिक राजांचे १२७ वे वर्ष नेमके कोणत्या संवताचे यावर विद्वानांचा वाद आजतागायत मिटलेला नाही. कोणी तो काळ तिसऱ्या शतकाच्या आरंभी नेतात, कोणी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात आणतात. ज्याने लेख कोरला त्याच्या दृष्टीने कथिक राजे सर्वांना ठाऊक होते. ते कोण हे सांगण्याची गरज त्याला भासली नाही. अक्षर उरले, अर्थाची किल्ली हरवली. स्तूपाची जागा धरणाच्या पाण्याखाली गेली. करंडक मात्र विद्यापीठाने जपला आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण याच्याशेजारी ठेवावे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने डॉ. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९६८ पासून तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथील एका घराच्या जमिनीत मातीची झाकणाची पेटी पुरलेली मिळाली. आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, वर तशीच दुसरी मूर्ती आणि सोबत एक बैल. वस्तू तीन हजार वर्षांहून जुनी. त्या शेतकरी घरातील माणसांनी ती देवी का पुरली, याचा तर्क करता येतो. खात्री देता येत नाही. तेथे लेखच नाही.

पुढच्यांसाठी लिहिणारे

मागच्यांची पेटी वाचणे इतके अवघड, तर पुढच्यांसाठी पेटी भरणे किती अवघड असेल! आपल्या सरकारने १५ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात कालपात्र पुरले होते. आत स्वतंत्र भारताचा इतिहास होता. तो दूरच्या पिढ्यांनी वाचावा असा हेतू. परंतु त्यात काय लिहिले यावर त्याच पिढीत वाद माजला आणि १९७७ साली नव्या सरकारने ते उकरून काढले. कालपात्राला कालाची बाधा झाली नाही, राजकारणाची झाली.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबादजवळ मिठाच्या थरात सुमारे ६५० मीटर खोल अण्वस्त्रांच्या संशोधन-निर्मितीतील घातक कचरा पुरतात. १९९९ पासून ते काम चालू झाले. हा कचरा दहा हजार वर्षे धोक्याचा, म्हणून तेवढ्या काळानंतरच्या माणसाला 'येथे खणू नका' हे कसे सांगावे, असा प्रश्न निघाला. त्यासाठी भाषाशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ, खगोलशास्त्रज्ञ असे निरनिराळ्या विद्यांचे लोक बसविले आणि १९९३ साली त्यांचा अहवाल आला. अनेक भाषांतील लेख, भ्यालेल्या चेहऱ्यांची चित्रे, जमिनीतून वर आलेले प्रचंड काटे अशा नाना युक्त्या त्यांनी सुचविल्या. त्यांच्यापुढची अडचण मोठी मार्मिक होती. जितकी मोठी खूण उभारावी तितके भावी माणसाला वाटणार की येथे खजिना आहे! प्राचीन थडग्यांवरील शापांनी दरोडेखोर मागे फिरले नाहीत.

नारळीकरांच्या कादंबरीचे मर्म हेच आहे. पेटी पुरणाऱ्याने ज्ञान ठेविले आणि त्या ज्ञानाची किंमतही सांगून ठेविली. पण उघडणारा आधी ज्ञान वाचतो आणि किंमत मागाहून. आज बोलणारी, लिहिणारी, स्वतःहून शिकणारी यंत्रे घराघरांत आली आहेत. ती वामनासारखी लहान होऊन दारी आली आणि थोडीशीच जागा मागितली. ती वाईट आहेत असे मी म्हणत नाही. हो म्हणण्यापूर्वी तिसरे पाऊल कोठे पडणार एवढे विचारावे, इतकेच. २०१५ साली स्प्रिंगर या नामांकित शास्त्रीय प्रकाशनसंस्थेने या कादंबरीची इंग्रजी आवृत्ती नव्याने काढली, याचे नवल वाटत नाही.

माळ्यावरची ट्रंक

आता खास बडोदेकरांचे कारण सांगतो. मागल्या उन्हाळ्यात दांडिया बाजारातील एका परिचित कुटुंबाने जुने घर पाडावयास काढले. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका निघाल्या. एकीतले कागद कोणासच वाचता येईनात म्हणून ते किलोच्या भावाने रद्दीत गेले. दुसरी ट्रंक केवळ झाकण गंजून बसले होते म्हणून वाचली. तिच्यात लाल फडक्यात बांधलेले एक बासन होते. वर बाळबोध अक्षरांत 'जपून ठेवणे' असे दोन शब्द होते. आतले सर्व कागद मोडीत!

घरातील नातू संगणकाचा अभियंता आहे. तो हसून म्हणाला, "काका, सूचना वाचता येते, पण माल वाचता येत नाही." त्याच्या आजीला मोडी थोडीथोडी लागत असे, पण ती पाच वर्षांपूर्वीच गेली. शेवटी एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे कागद नेले. बहुतेक हिशेब निघाले: भाताचे, गडीमाणसांच्या पगाराचे, उसनवारीचे. एक कागद मात्र मुलीच्या लग्नात दिलेल्या जिनसांची यादी होता, आणि त्यावर जे मुलीचे नाव होते ते त्या घरात कोणीही कधी ऐकले नव्हते. पणजोबांना एक मुलगी होती, तिचे लग्न झाले होते, तिला पाटल्या आणि तांब्याची घंगाळे दिली होती. पुढे तिचे काय झाले हे कदाचित पहिल्या ट्रंकेत असेल. ती ट्रंक आता मिळावयाची नाही.

बडोदे संस्थानचा कारभार वर्षानुवर्षे मोडीत चालला. १९४९ साली संस्थान विलीन झाले, त्याच सुमारास शाळांतूनही मोडी गेली. पंचाहत्तर वर्षे म्हणजे पुरातत्त्वाच्या हिशेबात डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. तेवढ्यात आपल्याच आज्याचा हात आपल्याला देवनी मोरीच्या करंडकासारखा झाला. अनेक घरांत आज बाळबोधही त्याच वाटेने निघाली आहे. नातवंडे मराठी बोलतात, पण वाचतात गुजराती नाही तर इंग्रजी. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने शास्त्रीय विद्या देशी भाषांत आणणाऱ्या एका ग्रंथमालेला 'ज्ञानमंजूषा' असे नाव होते. मंजूषा म्हणजे पेटीच. ती उघडी राहावी म्हणून भरली होती.

तेव्हा येत्या पाडव्याला बळीची पूजा झाल्यावर दोन गोष्टी कराव्या. घरातील पोरांना नारळीकरांचा वामन मराठीतच वाचून दाखवावा. एका बैठकीत नाही झाला तर चार बैठकीत. आणि माळ्यावर ट्रंक असेल तर ती खाली काढून, मोडी जाणणारे कोणी हयात आहे तोवर, एकदा उघडावी. त्या घरातील मंडळींनी आता पणजोबांच्या वंशवेलीत तिचे नाव लिहून घेतले आहे. पुढची जागा मोकळी ठेवली आहे.